पोट साफ होत नाही? वनस्पतींचे नॅनोकण आणि आपल्या आतड्यातले जिवाणू

गेल्या महिन्यात वस्तीतल्या विहारात महिलांची आरोग्य बैठक होती. विषय रक्तक्षयाचा होता. बैठक संपली, चटया गुंडाळून झाल्या, तरी एक ताई मागे रेंगाळली. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून तिने पिशवीतून एक डबी काढली. "सिस्टर, हे जरा बघा. यात वनस्पतीचे नॅनोकण आहेत म्हणे. आतड्यातले चांगले जंतू वाढतात आणि पोट साफ होतं. सासूबाईंसाठी घेतलंय. सातशे रुपये पडले."

सातशे रुपये म्हणजे तिची दोन दिवसांची मजुरी. सासूबाईंना काय त्रास आहे, असे विचारले तर आवाज आणखी खाली आला. चार-चार दिवस शौचाला होत नाही, झाले तर खडा होतो, कुंथून कुंथून घाम फुटतो. घरात कोणाशी बोलायची सोय नाही. अशा गोष्टी आपल्याकडे बायका शेवटपर्यंत लपवतात.

डबी खोटी आहे असे मी लगेच म्हटले नाही, कारण तिच्यावर लिहिलेले शब्द विज्ञानातलेच आहेत. पण शब्द खरा असला म्हणून दावा खरा ठरत नाही. ताईला जे समजावून सांगितले, तेच आज या पानावर सविस्तर मांडते.

बद्धकोष्ठता कशाला म्हणायचे?

रोज सकाळी पोट साफ झालेच पाहिजे, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, एवढा फरक निरोगी माणसांत असतो. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणे, वारंवार कुंथावे लागणे, शेळीच्या लेंड्यांसारखा किंवा गाठीगाठींचा कडक मल होणे, जाऊन आल्यावरही पोट पूर्ण मोकळे न वाटणे, बोट घालून मल काढावा लागणे, यांपैकी दोन किंवा अधिक तक्रारी बराच काळ टिकल्या तर ती बद्धकोष्ठता.

आता आत काय घडते ते पाहू. लहान आतड्यातून रोज साधारण दीड लिटर पातळ अन्नरस मोठ्या आतड्यात येतो. मोठे आतडे त्यातले बहुतेक पाणी शोषून घेते आणि मलावाटे जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर पाणी बाहेर जाते. आतड्याची हालचाल मंदावली की मल आत जास्त वेळ राहतो. जितका जास्त वेळ राहील तितके पाणी जास्त शोषले जाते आणि मल कडक होतो. काहींच्या आतड्याची गती ठीक असते, पण शौचाच्या वेळी गुदद्वाराचे स्नायू सैल पडायच्या ऐवजी आवळले जातात. म्हणजे दोघींची तक्रार एकच असली तरी कारण वेगळे असू शकते, आणि उपायही वेगळा.

आतड्यातले जिवाणू काय काम करतात?

आपल्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू राहतात. बहुतेकांचा मुक्काम मोठ्या आतड्यात असतो. 'जंतू' म्हटले की आपल्याला आजार आठवतो, पण यातले बहुसंख्य आपल्या उपयोगाचे आहेत.

भाकरीतला कोंडा, डाळीची साल, भाजीचे धागे, म्हणजे ज्याला आपण चोथा किंवा तंतुमय पदार्थ म्हणतो, ते आपल्या पाचकरसांना पचत नाही. ते मोठ्या आतड्यापर्यंत तसेच पोचते आणि तिथे जिवाणूंचे अन्न होते. जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही लहान मेदाम्ले तयार होतात. ब्युटिरेट तर मोठ्या आतड्याच्या अस्तराचे मुख्य इंधन आहे. तेथील पेशींची भूक त्यावर भागते.

दुसरे काम आतड्याच्या हालचालीचे. सेरोटोनिन हे नाव आपण मेंदूच्या संदर्भात ऐकतो, पण शरीरातले सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात बनते आणि आतडे पुढे ढकलण्याच्या कामात त्याचा वाटा असतो. २०१५ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, ज्या उंदरांच्या आतड्यात जिवाणूच नाहीत त्यांच्यात आतड्यातले सेरोटोनिन बरेच कमी बनते आणि ठरावीक जिवाणू सोडले की ते पुन्हा वाढते.

म्हणून शास्त्रज्ञांच्या मनात प्रश्न आला की, नुसते आतडे ढकलणारे औषध देण्यापेक्षा या जिवाणूंनाच कामाला लावता आले तर?

वनस्पतींचे नॅनोकण म्हणजे काय?

एका मीटरचे शंभर कोटी भाग केले की एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. आले, द्राक्ष, गाजर, लिंबू यांच्या रसात साधारण ५० ते ५०० नॅनोमीटर आकाराच्या बारीक पिशव्या सापडतात. साध्या सूक्ष्मदर्शकातूनही त्या दिसत नाहीत. प्रत्येक पिशवीला स्निग्ध पदार्थाचे दुहेरी आवरण असते आणि आत त्या वनस्पतीची प्रथिने, काही रसायने आणि आरएनएचे छोटे तुकडे असतात. आरएनए म्हणजे पेशीतला निरोप्या. कोणते प्रथिन बनवायचे, कोणते थांबवायचे, याचा निरोप तो नेतो.

आपल्या पेशी एकमेकींना असेच निरोप पिशव्यांत भरून पाठवतात. त्यांना एक्सोसोम म्हणतात. वनस्पतीतल्या पिशव्या त्यांच्यासारख्या दिसतात म्हणून त्यांना 'एक्सोसोमसदृश' म्हणतात. 'सदृश' हा शब्द मुद्दाम लावलेला आहे. आले वाटताना पेशी फुटतात आणि त्यांच्या तुकड्यांच्याही अशा गोळ्या बनू शकतात, त्यामुळे हाती आलेला प्रत्येक कण वनस्पतीने निरोपासाठीच बनवलेला असतो, असे नाही.

बाजारात 'वनस्पतीचे नॅनोकण' म्हणून आणखी दोन वेगळ्याच वस्तू येतात, हेही ध्यानात ठेवा. एक म्हणजे मक्याचे प्रथिन किंवा स्टार्च घेऊन कारखान्यात बनवलेले कण, ज्यांत औषध भरतात. दुसरे म्हणजे झाडपाल्याच्या अर्कात तयार केलेले चांदीसारख्या धातूचे कण. चांदीचे कण जिवाणू मारतात. म्हणजे एकाच नावाखाली जिवाणूंना पोसणारी वस्तूही येते आणि मारणारीही. नुसता 'नॅनो' शब्द वाचून काहीच कळत नाही.

प्रयोगशाळेत काय दिसले?

या विषयातला गाजलेला प्रयोग आल्याचा आहे. अमेरिकेतील लुईव्हिल विद्यापीठात हुआंग-गे झांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला आणि २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांनी आल्याच्या रसातून या पिशव्या वेगळ्या काढून उंदरांना पाजल्या. पिशव्यांच्या आवरणातल्या एका स्निग्ध पदार्थामुळे लॅक्टोबॅसिलस गटातले जिवाणू त्या आपल्या आत ओढून घेत होते. दही लावणारे जिवाणू याच कुळातले. आल्याचे आरएनए जिवाणूत शिरले की जिवाणूचे काम बदलायचे. तो एक विशिष्ट रसायन जास्त बनवू लागायचा, त्यामुळे उंदराच्या शरीरात आतड्याचे अस्तर सांभाळणारा घटक वाढायचा आणि आतड्याची सूज कमी व्हायची.

ही खरोखर नवी गोष्ट होती. वनस्पतीचा निरोप आधी जिवाणूला मिळाला आणि जिवाणूकडून उंदराला. पण तो प्रयोग आतड्याच्या सुजेचा होता, बद्धकोष्ठतेचा नव्हता.

बद्धकोष्ठतेचे प्रयोग बहुधा असे करतात. उंदरांना लोपेरामाइड देतात. हे जुलाब थांबवण्याचे औषध आहे, ते काही दिवस दिले की उंदरांचे पोट बांधले जाते. मग काहींना वनस्पतीचे कण देतात आणि काहींना देत नाहीत. दिवसाला लेंड्या किती, त्यांत पाणी किती, पोटात घातलेला रंग किती वेळाने बाहेर येतो, हे मोजतात आणि मलातल्या जिवाणूंची जात-जमात तपासतात. अशा प्रयोगांत लेंड्या मऊ होणे, आतड्याची गती सुधारणे आणि जिवाणूंचे प्रमाण बदलणे असे निकाल आलेले आहेत. विषय आशेचा आहे, यात शंका नाही.

उंदरापासून माणसापर्यंत

पण उंदराचे पोट सुटले म्हणून सासूबाईंचे सुटेल का? प्रयोगातले उंदीर एका वयाचे, एका वाणाचे आणि एकच खाणे खाणारे असतात. एका पिंजऱ्यातले उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यामुळे त्यांचे जिवाणूही सारखे होत जातात. त्यांची बद्धकोष्ठता चार दिवसांपूर्वी औषध देऊन तयार केलेली असते. सासूबाईंची अनेक वर्षांची असते. तिच्यामागे थायरॉईड असू शकतो, मधुमेह असू शकतो, लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या असू शकतात, मनाच्या आजाराचे किंवा रक्तदाबाचे एखादे औषध असू शकते.

शिवाय प्रयोगातले कण अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्रात गाळून, स्वच्छ करून, मोजून दिलेले असतात. डबीतल्या पावडरीत ते किती आहेत, साठवणीत टिकले का, पोटातल्या आम्लातून सुटून मोठ्या आतड्यापर्यंत पोचले का, हे डबीवर लिहिलेले नसते. बद्धकोष्ठतेसाठी असे कण घ्या, असे डॉक्टरांच्या उपचारपद्धतीत आज कुठेही सांगितलेले नाही. उलट, 'आल्यात नॅनोकण आहेत, म्हणून चहात आले घाला आणि पोट साफ करा' असे म्हणणेही तितकेच चूक आहे. चहातले आले चवीसाठी घ्या, त्याला औषध समजू नका.

जिवाणूंकडून काम करून घेणारी औषधे आजही आहेत

वनस्पतीचे औषध आतड्यातल्या जिवाणूंमार्फत काम करते, ही गोष्ट अगदी नवी नाही. सोनामुखीचेच घ्या. बाजारातल्या कितीतरी चूर्णांत ती असते. सोनामुखीतली मूळ द्रव्ये लहान आतड्यात फारशी शोषली जात नाहीत. ती मोठ्या आतड्यात पोचली की तिथले जिवाणू त्यांचे रूपांतर जुलाब घडवणाऱ्या द्रव्यात करतात. जिवाणू नसते तर सोनामुखी फारशी चालली नसती. सरकारी दवाखान्यात मिळणारे लॅक्ट्युलोजचे गोड औषधही तसेच आहे. आपल्याला ते पचत नाही, पण जिवाणू ते आंबवतात आणि मलात पाणी धरून राहते.

मात्र सोनामुखी अधूनमधून घेणे वेगळे आणि चूर्ण म्हणून वर्षानुवर्षे रोज मनाने घेणे वेगळे. पोटात मुरडा येतो, जुलाबातून शरीरातले क्षार जातात आणि मूळ आजार झाकला जातो. 'आयुर्वेदिक आहे, काही होत नाही' हे वाक्य मी वॉर्डात पुष्कळदा ऐकले आहे, आणि तेही बहुधा काहीतरी झाल्यावर.

ताटातून काय करता येईल?

जिवाणूंना पोसायचे तर त्यांचे अन्न म्हणजे चोथा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या सूचनेप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळे मिळायला हवीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम, बाजरी, नाचणी आणि गव्हाच्या कणकेत सुमारे ११ ग्रॅम तंतू दिले आहेत, तर पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात ३ ग्रॅमच्याही आत. भाकरी सोडून भात, पाव, टोस्ट आणि बिस्किटांवर आलो, तेव्हा आपण आपल्याबरोबर जिवाणूंचीही उपासमार केली.

म्हणून एका वेळच्या जेवणात तरी भाकरी किंवा न चाळलेल्या कणकेची पोळी. मटकी, हरभरा, चवळी, कुळीथ आलटून पालटून. शेपू, अंबाडी, गवार, भेंडी, घेवडा यांपैकी बाजारात जे स्वस्त असेल ते. पेरू किंवा केळे. एकदम सगळे वाढवू नका, नाहीतर गॅस होऊन पोट फुगेल. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा आणि बरोबर पाणीही वाढवा. ज्यांना डॉक्टरांनी हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी आधी विचारावे.

एवढ्यानेही भागले नाही तर इसबगोलाचा भुसा आहे. तो माणसांवरच्या चाचण्यांत उतरलेला आहे. एक-दोन चमचे पेलाभर पाण्यातून लगेच प्यावेत, वर आणखी पाणी प्यावे. कोरडा कधी खाऊ नये, घशात अडकतो. गिळायला त्रास असेल किंवा आतड्यात अडथळ्याची शंका असेल तर घेऊ नये. लोहाच्या गोळीने खडा होत असेल तर गोळी परस्पर बंद करू नका, आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगा. आपल्या बायकांना रक्तक्षयही परवडणारा नाही.

संडासाचा प्रश्न औषधाने सुटत नाही

आता जे सांगते ते कुठल्याच डबीवर छापलेले नसते. सकाळी काही खाल्ले-प्यायले की मोठ्या आतड्याला आपोआप चालना मिळते. शौचाला जायची ती नैसर्गिक वेळ. ती दाबली की कळ निघून जाते, मल आत राहतो आणि कडक होतो. हे रोज घडले तर पुढे कळच नीट कळेनाशी होते.

मग आपल्या बायका ही कळ का दाबतात? सार्वजनिक संडासासमोर सकाळी रांग असते, दाराला कडी नसते, पाणी नसते, दिवा नसतो. ऊसतोडीच्या फडात आणि बांधकामाच्या जागी आडोसा नसतो. झाडू घेऊन पहाटे शहर साफ करणाऱ्या बाईला स्वतःसाठी संडास सापडत नाही. जावे लागू नये म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, रात्रीचे जेवण निम्मे करतात. मुंबईत २०११ पासून महिलांच्या मुताऱ्यांसाठी 'राइट टू पी' मोहीम चालली, ती याच दुखण्यातून. त्यामुळे मंडळाच्या बैठकीत बद्धकोष्ठतेवर बोलायचे तर कडी, पाणी आणि दिवा यांचा अर्जही त्याच बैठकीत लिहायला हवा. तोही आरोग्याचाच उपाय आहे.

घरात कमोड असेल तर बसताना पायाखाली छोटे स्टूल घ्या, गुडघे वर येतात आणि मार्ग सरळ होतो. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला खाली बसवत नसेल तर कमोडची खुर्ची मिळते का पाहा.

इथे मात्र थांबू नका

नोकरीत असताना आमच्या वॉर्डात एक मावशी आल्या होत्या. वर्षभर पोट साफ होत नव्हते, शौचातून रक्त जात होते. मूळव्याध समजून त्या चूर्ण घेत राहिल्या. एका दवाखान्यात दोनदा दाखवले होते, तिथेही तपासणीच्या टेबलावर न घेता चूर्णच लिहून दिले. आमच्याकडे आल्या तेव्हा मोठ्या आतड्याचा कर्करोग पसरला होता. शेवटी त्या मला म्हणाल्या, "लाजले गं, बाई." ते शब्द अजून माझ्या कानातून गेलेले नाहीत.

म्हणून ही लक्षणे पाठ करा. शौचातून रक्त जाणे किंवा मल डांबरासारखा काळा होणे (लोहाच्या गोळीनेही काळा होतो, तरी विचारा). कारण नसताना वजन घटणे. रक्त कमी होत जाणे. चाळिशी-पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलणे. घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे. यांपैकी काहीही असेल तर चूर्ण नको, नॅनो नको, डॉक्टरांकडे जा आणि तपासायला सांगा. पोट फुगले, उलट्या होत आहेत आणि वारासुद्धा सरत नाही, असे झाले तर त्याच तासाला रुग्णालय गाठा.

त्या डबीचे काय झाले?

ताईला मी डबीबद्दल चार प्रश्न विचारायला शिकवले. यात नेमकी कोणती वनस्पती, किती प्रमाणात आहे? प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर? कोणी घेऊ नये, हे लिहिले आहे का? आणि याच कामाचे स्वस्त, तपासलेले औषध सरकारी दवाखान्यात मिळते का? पाकिटावर अन्न परवान्याचा नंबर असतो, तो धंद्याच्या परवान्याचा असतो. दावा सिद्ध झाल्याचा तो दाखला नव्हे.

मग आम्ही दोघी सासूबाईंकडे गेलो. रक्त जात नव्हते, वजन घटले नव्हते, तरी आरोग्य केंद्रात थायरॉईड आणि साखर तपासून घेतली. दोन्ही ठीक निघाले. खरे कारण बोलता बोलता बाहेर आले. सार्वजनिक संडासाच्या पाच पायऱ्या गुडघ्यांना चढवत नाहीत, म्हणून त्या दिवसाला दोन पेलेच पाणी पीत होत्या आणि संध्याकाळी जेवतच नव्हत्या. मंडळातल्या एकीच्या घरी पडून असलेली कमोडची खुर्ची आणली. भाकरी, मटकी आणि पाणी सुरू झाले, रात्री इसबगोल. आता त्यांना एक दिवसाआड होते आणि खडा होत नाही. पायऱ्यांना कठडा बसवावा, असा अर्ज मंडळाने दिला आहे. तो अजून मंजूर व्हायचा आहे.

उद्या नॅनोकणांचे खरे औषध आले, माणसांवर तपासून आले, तर मी स्वतः या पानावर त्याचे स्वागत करीन. तोवर सातशे रुपये कडधान्यावर खर्च करा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला न लाजता विचारा, "पोट साफ होतंय ना?"

मंडळात चर्चेसाठी

१. आपल्या घरात कोण कोणते चूर्ण किती वर्षे घेत आहे? त्यावर काय घटक लिहिले आहेत?
२. आपल्या ताटात आठवड्यातून किती वेळा भाकरी आणि कडधान्य असते?
३. वस्तीतल्या संडासाला कडी, पाणी, दिवा आणि म्हाताऱ्यांसाठी कठडा आहे का? नसेल तर अर्ज कोण लिहील?
४. तातडीने डॉक्टरांकडे जाण्याची लक्षणे न पाहता सांगता येतात का?